मदत हवी आहे : माणमधील आटणाऱ्या विहिरीवर शेततळे हा उपाय आहे का?

सप्रेम नमस्कार. मी मुंबईत मुलुंडला राहतो. साताऱ्याच्या माण तालुक्यातील आमची शेती थोरले बंधू पाहतात. पूर्वी थांबून थांबून पडणारा पाऊस आता दोन दिवसांत कोसळून वाहून जातो आणि फेब्रुवारीतच विहिरीच्या तळाचा काळा खडक दिसू लागतो. ठिबक आहे, पण ठिबकलाही पाणी लागतेच. दादा अस्तरीकरणाचे (पाणी मुरू नये म्हणून आत प्लास्टिक कागद अंथरलेले) शेततळे घ्यायचे म्हणतात. मात्र ते विहिरीच्याच उपशाने भरले, तर शेजाऱ्यांच्या विहिरी आणखी लवकर आटतील, याची मला मनापासून काळजी वाटते. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने सिंचनासाठी विंधन विहिरींवर बंदी घालून दरवर्षी पाण्याचा ताळेबंद (उपलब्ध पाणी किती, वापर किती याचा हिशेब) मांडला. आमच्या वाडीत तसे सुरू करायचे, तर ग्रामसभेत विषय कसा मांडावा? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.