टोमॅटो बुडाशी काळे का पडतायत?

कुंडीत 3 रोपं लावलीयेत, फळं छान धरली पण पिकायच्या आधीच बुडाशी काळा, चामड्यासारखा चपटा डाग पडतोय. कीड तर दिसत नाही, फवारणी करू का?

> फवारणी अजिबात नको, हा रोग नाहीच! फळाला कॅल्शियम पोचत नाही म्हणून होतं, ते पाण्यासोबतच वर चढतं ना, त्यामुळे दोन दिवस माती कोरडी ठक्क आणि मग एकदम बादलीभर पाणी असं झालं की हमखास डाग. बोट खुपसून बघत जा, कोरडं लागलं की पाणी द्या, वर पालापाचोळा पसरा.

> अंड्याची टरफलं टाकली तर?

> ती कुजायला फार वेळ लागतो हो, या फळांना उपयोग नाही. डागवाली तोडून टाका, चांगला भाग खाता येतो. आणि तिन्ही रोपं एकाच कुंडीत असतील तर आधी वेगळी करा, माझं निम्मं पीक त्यातच गेलं होतं.