यलो झोनमधला एक गुंठा घ्यावा का? शेळगी साइड, इसार द्यायच्या आधी सांगा

पूर्वभागकर
नमस्कार मंडळी. आम्ही सोलापुरात साखर पेठेत राहतो, खाली माग आणि वर आम्ही. आईला दम्याचा त्रास आहे, सुताच्या धुळीत तिला ठेवणं आता बरं नाही म्हणून शेळगीच्या पुढं प्लॉट बघायलोय. एक जागा आवडली, एक गुंठा म्हणजे १०८९ फूट. मालक शेतकरी आहे, त्यानं गेल्या वर्षी दीड एकराचे तुकडे पाडून दगड रोवलेत, मधून वीस फुटी कच्चा रस्ता सोडलाय. एजंट म्हणायलाय यलो झोन म्हणजे रहिवासाची जागा आहे, झोन दाखला हातात आहे, आता साठेखत करा, नंतर घर बांधून घरपट्टी लावून घेतली की सगळं रेग्युलर होतं. दाखला मी स्वतः वाचला, रहिवास विभाग असंच लिहिलंय. सातबारा मात्र अजून पूर्ण दीड एकराचा एकच, शेतकऱ्याच्या नावावर. इसार एक लाख मागायलाय. मजरेवाडीकडं दुसरा एक मंजूर लेआउटमधला प्लॉट आहे पण तो बराच महाग पडतो. काय करावं?

नकाशावाला
मालक, मी परवाना घेतलेला इंजिनियर आहे, महापालिकेत बांधकामाचे नकाशे टाकणं हाच रोजचा धंदा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. झोन दाखला खरा असेल, पण तो एवढंच सांगतो की शहराच्या विकास आराखड्यात त्या गटावर पिवळा रंग आहे. तिथं प्लॉट पाडायला परवानगी मिळालीय असं तो कुठंच सांगत नाही. प्लॉट पाडायचे तर लेआउट म्हणजे रेखांकन मंजूर करून घ्यावं लागतं, १९६६ च्या नगररचना कायद्यात विकास म्हणजे फक्त बांधकाम नाही, जमिनीचे तुकडे पाडणं पण त्यातच येतं. तुमच्या दीड एकराचे साधारण ६००० चौरस मीटर होतात. ४००० च्या वर गेलं की १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, म्हणजे सहा गुंठे. त्या शेतकऱ्यानं सोडलीत का सहा गुंठे? दगड बघून या, बहुतेक नसतील सोडले.

एनएचं म्हणजे शेतजमीन बिगरशेती करायचं म्हणाल तर आराखड्यात रहिवास असेल तर वेगळी एनए परवानगी लागत नाही, महसूल खात्याची रक्कम भरावी लागते. एजंट लोक हीच अर्धी गोष्ट सांगून प्लॉट विकायलेत. शेतीची एनए झाली म्हणून लेआउट मंजूर झाला असं होत नाही, दोन्ही कागद वेगळे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे का २ ते पण बघा, २ म्हणजे विकायला सरकारी अट असलेली जमीन, तशी असेल तर कलेक्टर ऑफिसच्या परवानगीशिवाय पुढं जाऊच नका, आणि इतर हक्काचा रकाना शेवटपर्यंत वाचा, बोजा, कूळ, वारस सगळं तिथंच सापडतं.

आणि घरपट्टी लागली की रेग्युलर, हे साफ खोटं आहे. कर बांधकामावर लागतो, बेकायदा बांधकामावर पण लागतो, पावती परवानगीच्या जागी चालत नाही. उद्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम काढायची नोटीस आली तर हातात फक्त पावत्यांची फाइल राहील.

जुळेसोलापूरकर
नकाशावाल्यांनी खुल्या जागेचं लिहिलं ते फार महत्त्वाचं आहे. आमच्या नगराचा लेआउट मंजूर आहे तरी काय झालं बघा, नकाशात कोपऱ्यात आडव्या रेघा मारून खुली जागा दाखवलीय, आणि जागेवर गेलं की तिथं कंपाउंड, आत पत्र्याची शेड आणि भिंतीवर पेंटनं लिहिलंय ही जागा विक्रीस नाही. मूळ मालकानं ती जागा तिसऱ्यालाच विकली. पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळायलेत आणि म्हाताऱ्या माणसांना बसायला झाडाखाली एक बाक नाही. सोसायटीनं अर्ज केलेत पण अजून काही हललेलं नाही. म्हणून लेआउटची साक्षांकित प्रत घेऊन जागेवर उभं राहून एकेक दगड मोजा, नुसतं मोबाइलवर फोटो बघून चालत नाही.

होटगीरोड
मजरेवाडीचा विचार करत असाल तर विमानतळाच्या उंचीचं बघून घ्या. धावपट्टीच्या आसपास बांधकामाच्या उंचीला मर्यादा आहे, जागेप्रमाणं विमानतळ प्राधिकरणाची एनओसी लागू शकते. सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी जून २०२३ ला पाडली ती याच कारणानं. दोन मजली घराला सहसा अडत नाही, पण विचारून ठेवलेलं बरं.

पूर्वभागकर
खूप आभार सगळ्यांचे. आज जागेवर जाऊन आलो, खुली जागा काहीच नाही, शेवटच्या दगडापर्यंत प्लॉटच प्लॉट. आणि एक नवीनच कळलं, शेजारचा शेतकरी म्हणाला की मागच्या बाजूच्या चार-पाच प्लॉटवर बागेचं आरक्षण आहे. एजंटला विचारलं तर म्हणतो दहा वर्षं झाली की आरक्षण आपोआप उडतं. आणि गुंठेवारीत, म्हणजे विनापरवाना पाडलेले प्लॉट नियमित करायच्या कायद्यात, सगळं बसतं म्हणायलाय. खरं आहे का?

नकाशावाला
आपोआप काहीच उडत नाही. त्याच नगररचना कायद्याचं कलम १२७ असं आहे की आराखडा अंमलात येऊन १० वर्षं झाली आणि जागा घेतली नाही, तर जमीनमालकानं नोटीस द्यायची, मग महापालिकेला २४ महिने मिळतात, तेवढ्यात संपादनाची पावलं उचलली नाहीत तरच आरक्षण व्यपगत होतं. नोटीस मालकानं द्यायची असते, साठेखतवाल्याच्या हातात तेव्हा काहीच नसतं. तुमचा प्लॉट आरक्षणात आहे का हे झोन दाखल्यापेक्षा भाग नकाशात नीट दिसतं, नगररचना विभागात गट नंबर देऊन भाग नकाशा मागा, आराखड्यातला नियोजित रस्ता प्लॉटवरून जातोय का ते पण त्याच कागदावर कळेल.

गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ ला दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पडलेले तुकडे त्यात घेतले. तुमचे तुकडे गेल्या वर्षी पडलेत, त्यात कुठं बसणार?

घराचं गणित पण करून घ्या. सोलापूरला २०२० ची बांधकामाची एकत्रिकृत नियमावली लागू आहे, मूळ एफएसआय म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं ते प्रमाण १.१, म्हणजे तुमच्या गुंठ्यावर साधारण १२०० फूट, त्यावर प्रिमियम म्हणजे जादा शुल्क भरून ६० टक्क्यांपर्यंत ॲन्सिलरी म्हणजे पूरक एफएसआय मिळतं. ९ मीटरपेक्षा लहान रस्त्यावर टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क) किंवा प्रिमियम एफएसआय चढवता येत नाही, आणि वीस फूट म्हणजे फक्त ६ मीटर. सामासिक अंतरं म्हणजे घराभोवतीची मोकळी जागा सोडून आईला खाली एक खोली, वर तुम्ही, एवढं निवांत बसतं. १५० चौरस मीटरच्या आतल्या प्लॉटला तर प्रक्रिया पण सोपी केलीय, नकाशा आणि शुल्क भरून बांधकाम सुरू करता येतं. पण हे सगळं प्लॉट कायदेशीर असेल तरच.

मजरेवाडीचा महाग वाटतोय ते समजतं. तरी त्याचा मंजुरीचा आदेश नंबर आणि तारीख घेऊन या, लेआउट तात्पुरता मंजूर आहे का अंतिम ते बघू, बँकवाले पण लोन देताना हाच कागद मागतात. शेळगीवाल्याला एक रुपया इसार देऊ नका, मंजूर लेआउटची प्रत दाखव म्हणून लेखी मागा.