वाइल्ड फ्लॅग म्हणजे 'न खपलेल्या चालींची भेळ'?

त्रिविक्रम: काल कुणीतरी इथे ठोकून दिलं की इंडी सुपरग्रुप (वेगवेगळ्या स्वतंत्र रॉक बँडांतल्या नावाजलेल्यांनी मिळून काढलेला बँड) म्हणजे आपापल्या बँडमध्ये न खपलेल्या चालींची भेळ, आणि पुरावा म्हणून वाइल्ड फ्लॅग! अल्बम ऐकलाय का? २००६ मध्ये स्लीटर-किनी हा अमेरिकन रॉक बँड थांबला म्हणून त्यातल्या गिटारवाली कॅरी ब्राउनस्टीन आणि ड्रमर जॅनेट वाइस मोकळ्या झाल्या. हीलियम बँडची मेरी टिमनी आली, माइंडर्स बँडची रेबेका कोल कीबोर्डवर आली. २०११चा तो अल्बम गायन सोडून जवळजवळ सगळा एकत्र वाजवून रेकॉर्ड केलाय. उरलंसुरलं खपवणारे असे घाम गाळत नाहीत. समोर टिमनीची गिटार आहे म्हणून ब्राउनस्टीनही वेगळी वाजवते.

खवचट_खान: ते 'कुणीतरी' म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं? एक अल्बम काढून गायब! ब्राउनस्टीन 'पोर्टलँडिया' या विनोदी टीव्ही मालिकेत रमली, २०१५ला स्लीटर-किनीचा 'नो सिटीज टू लव्ह' अल्बम आला. शेवटी सगळे आपल्या घरी.

त्रिविक्रम: पोस्टल सर्व्हिस या दुसऱ्या सुपरग्रुपनेही एकच अल्बम काढला, २००३चा 'गिव्ह अप'. एकट्या अमेरिकेत दहा लाखांवर गेला. तोही गायबच का?

खवचट_खान: तो डेथ कॅब बँडचा गायक गिबर्ड याच्या आवाजावर गेला. विषय बदलू नका.

ऑक्टोपॅडवाला: दोघांचंही ब्राउनस्टीनपुराण चालू द्या. वाइस १९९६पासून स्लीटर-किनीत, शिवाय क्वासी बँडमध्ये, स्टीफन माल्कमसच्या जिक्स बँडमध्येही ड्रम वाजवले. तिच्यावर एक वाक्य नाही! आमच्या ऑर्केस्ट्राच्या बॅनरवर गायकाचा फोटो, निवेदकाचा फोटो, आणि आम्ही 'व इतर'. एका आयोजकाने तर पाकीट देताना विचारलं, "तुम्ही कोण?" तीन तास त्याच्या नाकासमोर वाजवत होतो.

मंद्रसप्तक: निदान 'व इतर' तरी! या दोन्ही बँडांत बेसिस्टच (बेस गिटार वाजवणारा) नव्हता. स्लीटर-किनीत दोन गिटारी नि ड्रम होते, वाइल्ड फ्लॅगमध्ये वर कीबोर्ड. आणि यावर कुणाला काही वाटतही नाही.

खवचट_खान: बॅनर, पाकीट, बेस... रडगाण्याचा वेगळा धागा काढा ना.

ऑक्टोपॅडवाला: काढतो. आधी तुमच्या 'घरा'चं बोलू. २०१९ला 'द सेंटर वोन्ट होल्ड' अल्बम यायच्या तोंडावर वाइस स्लीटर-किनीतून बाहेर पडली. बँड नव्या दिशेने चाललाय, मी निघते, म्हणाली. असलं घर तुम्हालाच लखलाभ.

सई_ठाण्याची: दादा, आवाज खाली. पण मुद्दा बिनतोड. घरात राहून तीच दोन माणसं आयुष्यभर ऐकायची, तर वाजवणारा नवीन शिकणार कुठे? मी शाळेच्या बँडमधून दुसरीकडे वाजवायला गेले तेव्हा 'गद्दार' ऐकून घेतलंय.

खवचट_खान: आता गद्दारीवर गाडी! बरं बाबांनो, वाइल्ड फ्लॅगच्या 'रोमान्स' गाण्यातला ड्रम जबरदस्त आहे, नाही म्हणत नाही. भेळेतली शेव कुरकुरीत होती, एवढं लिहून घ्या.

त्रिविक्रम: घेतलं. तारीख टाकून.

मंद्रसप्तक: आणि बेसचं?