मालवाहू अंतराळयानाचा डेक प्लॅन (मजल्यांचा नकाशा) काढताना कोणत्या चुका टाळाव्यात?

प्रश्न : पेन्सिल_आणि_फासे

आमच्या पाच जणांच्या गटासाठी मी ‘ट्रॅव्हलर’ या टेबलावर खेळायच्या विज्ञानकथात्मक रोल-प्लेइंग खेळाच्या नियमांवर आधारलेली एक मोहीम तयार करत असून तिचा बराचसा भाग एकाच मालवाहू यानात घडणार आहे. यान २०० टनांचे आणि दोन डेकचे आहे. खेळाडूच त्याचे मालक असल्यामुळे ते प्रत्येक खोलीत, प्रत्येक कपाटात डोकावणार, हे मी गृहीत धरले आहे. आलेख कागदावर दीड मीटरला एक घर या प्रमाणात काम सुरू केले आहे, परंतु नकाशा अजून पेन्सिलीच्याच टप्प्यावर आहे.

तयार मिळणारे बरेच नकाशे पाहिले. ते देखणे असतात, मात्र त्यांतल्या काहींत डझनभर माणसांच्या यानाला एकही शौचालय नसते, काहींत इंधन कोठे साठवले आहे याचा पत्ता लागत नाही आणि काहींत वरच्या डेकवरचा जिना खालच्या डेकवर भलत्याच ठिकाणी उतरतो. असे ढोबळ दोष डोळ्यांना दिसतात. सहजी न दिसणारे दोष कोणते, आणि खोल्या आखण्यापूर्वी कोणत्या गोष्टी ठरवून घ्याव्यात, हे जाणकारांनी कृपया सांगावे. यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण असावे की नसावे, याचाही निर्णय अद्याप घेतलेला नाही.

उत्तर : घनमीटर

गुरुत्वाकर्षणाचा निर्णय आधी घ्यावा, कारण ‘खाली’ कोणत्या दिशेला आहे हे ठरल्याशिवाय जमीन कोणती आणि भिंत कोणती हेच ठरत नाही. कृत्रिम गुरुत्वाकर्षण मानले असेल, तर विमानासारखा आडवा आराखडा चालतो आणि ट्रॅव्हलरच्या विश्वात तो रूढही आहे. ते मानले नसेल आणि यान सतत इंजिनाच्या रेट्यावर वेग वाढवत असेल, तर प्रवाशांना इंजिनाची बाजू खालची वाटेल. अशा यानाचे डेक इमारतीच्या मजल्यांप्रमाणे एकावर एक, इंजिनाच्या अक्षाला काटकोनात असायला हवेत. ‘आमच्या यानात कृत्रिम गुरुत्वाकर्षण नाही’ असे लिहून खाली आगबोटीसारखा लांबलचक डेक काढणे ही मला आढळलेली सर्वांत सामान्य विसंगती आहे.

चाक फिरवून गुरुत्व निर्माण करण्याचा पर्याय लहान यानाला मानवत नाही. मिनिटाला दोन फेऱ्या या सुसह्य वेगाने पृथ्वीइतके वजन जाणवण्यासाठी चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. त्रिज्या १० मीटर ठेवली, तर मिनिटाला सुमारे साडेनऊ फेऱ्या घ्याव्या लागतात आणि उभ्या माणसाच्या डोक्यापाशी पायांपेक्षा साधारण १७ टक्के कमी गुरुत्व जाणवते. २०० टनांच्या यानावर असे चाक काढू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

आता जागेचा हिशेब. ट्रॅव्हलरमधला ‘टन’ वजनाचा नसून आकारमानाचा आहे : एक टन द्रवरूप हायड्रोजन जेवढी जागा व्यापतो तेवढी, म्हणजे सुमारे १४ घनमीटर. दीड मीटर बाजूचे आणि तीन मीटर उंचीचे एक घर पावणेसात घनमीटरचे होते, म्हणून एका टनाला दोन घरे. तुमच्या यानाकडे एकूण ४०० घरे आहेत. त्या खेळातल्या २०० टनी ‘फ्री ट्रेडर’ या मालवाहू यानाचे जुने गणित मांडले, तर मालाला ८२ टन म्हणजे १६४ घरे, इंधनाला ६०, दहा निवासकक्षांना ८०, नियंत्रणकक्षाला ४०, शीतनिद्रेच्या वीस पेट्यांना २० आणि यंत्रांना ३० घरे जातात. माल आणि इंधन मिळूनच निम्म्याहून अधिक यान संपते. माणसांच्या वाट्याला काय उरते हे आधी ठाऊक असले, की राजवाड्यासारखी दालने आपोआप आवरती घेतली जातात.

निवासकक्षाची आठ घरे सगळीच्या सगळी त्या खोलीला देऊ नयेत. त्यांतली चार-पाच खोलीला द्यावीत आणि उरलेल्यांतून मार्गिका, भोजनकक्ष, स्वयंपाकाची जागा व न्हाणीघर काढावे. नाहीतर या सामायिक जागांसाठी वेगळी घरे शिल्लकच राहत नाहीत. बेरीज थोडी इकडेतिकडे झाली तरी हरकत नाही, नियमांनीच तेवढी सूट दिली आहे.

उत्तर : बल्कहेड

वरील हिशेब बिनचूक आहे, परंतु केवळ घरे मोजून काढलेला नकाशा बाह्य आकाराशी जुळेलच असे नाही. म्हणून डेक प्लॅनच्या आधी यानाचा उभा छेद काढावा. समजा, तुमचे यान आठ मीटर व्यासाच्या नळकांड्यासारखे आहे आणि एक डेक बरोबर मधोमध आहे. तेथे जमिनीशी आठ मीटर रुंदी मिळते, मात्र २.४ मीटर वर, छतापाशी, ती ६.४ मीटरच उरते. म्हणजे दोन्ही बाजूंच्या भिंतींजवळ उंच माणसाला वाकावे लागणार, आणि कपाटे, नळ व बिछाने तेथेच ढकलावे लागणार. अगदी कडेच्या घरात ताठ उभा राहून लढणारा सैनिक छेदात बसवून पाहिला, की त्याचे डोके यानाच्या कवचातून बाहेर आलेले दिसते.

दुसरी बाब दाबाची. आत पृथ्वीवरच्याइतका वायुदाब असेल, तर निर्वाताकडील प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा रेटा असतो. एक मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा बाहेरच्या दारावर वीस टन! त्यामुळे बाह्य दारे थोडी आणि लहान असावीत, आणि एअरलॉक (आत-बाहेर करण्यासाठीची दुहेरी दारांची हवाबंद खोली) वगळता एकही दार थेट बाहेर उघडू नये. दार कोणत्या बाजूला उघडते हेही नकाशावर दाखवावे. आत उघडणारे दार आतल्या दाबानेच घट्ट बसते, म्हणून ते गळतीपुरते सुरक्षित असते. परंतु १९६७ मध्ये अपोलो १ च्या चाचणीत आग लागून आतला दाब वाढला, तेव्हा आत उघडणारे झाकण अंतराळवीरांना उघडताच आले नाही आणि तिघांचाही मृत्यू झाला. त्यानंतर ते झाकण झटपट बाहेर उघडेल असे नव्याने घडवले गेले. तुमच्या यानाच्या रचनाकाराने यांपैकी काय निवडले, यावर एखाद्या प्रसंगाचा निकाल ठरू शकतो.

यानाच्या आतही विभाग पाडणाऱ्या जाड, हवाबंद भिंती हव्यात. शक्य असल्यास विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर संग्रहालय म्हणून ठेवलेली ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी आतून पाहावी. सुमारे ९१ मीटर लांबीच्या त्या बोटीत ७५ जण राहत असत. एका विभागातून दुसऱ्यात जाताना गोल झरोक्यासारख्या दारातून पाय उचलून, वाकून जावे लागते. दिमाखदार रुंद मार्गिकांच्या तुलनेत तो अनुभव खेळात कितीतरी अधिक रंग भरतो. एका भिंतीला एक रेघ असे न काढता हवाबंद भिंती जाड रेघेने आणि साध्या पडद्या बारीक रेघेने दाखवल्या, तर एखादा विभाग फुटल्यावर हवा कोठपर्यंत जाईल याचा वाद टेबलावर होत नाही.

उष्णतेचा विसर हीदेखील नेहमीची गोष्ट आहे. निर्वातात उष्णता केवळ प्रारणानेच बाहेर टाकता येते, म्हणूनच आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला मोठमोठे रेडिएटर (उष्णता बाहेर सोडणारे पत्रे) जोडलेले आहेत. प्लॅनमध्ये ते येणार नाहीत, पण ते यानाच्या ज्या बाजूला असतील तेथे माल चढवण्याचे दार नसावे.

उत्तर : तिसरा_फासा

दोन्ही उत्तरे वाचून आनंद झाला, पण एक सौम्य मतभेद नोंदवतो. खेळाडूंना यान राहण्याजोगे वाटणे आवश्यक आहे. ते प्रत्यक्षात बांधता येणे आवश्यक नाही. अभियांत्रिकीने निर्दोष असलेले अनेक नकाशे खेळायला अत्यंत कंटाळवाणे असतात, कारण त्यांत एकच लांब मार्गिका आणि दोन्ही बाजूंना खोल्यांची रांग असते. तेथे चकमक झाली, की पहिला माणूस दारात अडतो आणि मागचे चौघे पाळी आली की नुसते ‘मी थांबतो’ म्हणतात. कोणत्याही महत्त्वाच्या जागी पोहोचण्याचे किमान दोन मार्ग ठेवावेत. दुसरा मार्ग गैरसोयीचा असला तर अधिकच चांगले : दुरुस्तीचा बोगदा, छतातले झाकण किंवा एका एअरलॉकमधून बाहेर पडून दुसऱ्यातून आत शिरणे. नियंत्रणकक्ष आणि यंत्रकक्ष दोन टोकांना असावेत, म्हणजे संकटकाळी गटाला कोणी कोठे जायचे हे ठरवावे लागते.

मार्गिका एका घराची ठेवली, तर दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकतात का, हे नियमांत आधीच पाहून घ्यावे. भिंती घरांच्या रेघांवरच याव्यात. अर्धी घरे पडली, की तेथे कोणी उभे राहू शकते का, यावर प्रत्येक वेळी थांबून निवाडा द्यावा लागतो. बल्कहेड यांनी सांगितलेली वक्र भिंत काढायचीच असेल, तर कडेच्या प्रत्येक घरात ‘उभे राहता येते’ किंवा ‘येत नाही’ याची खूण करून ठेवावी.

छपाईचाही विचार करावा. एक इंचाला एक घर या प्रमाणात ४५ मीटर लांबीच्या यानाला तीस इंच टेबल लागते. ९० मीटरच्या यानाला साठ इंच लागतात, मग चहाचे कप आणि फासे ठेवायला जागा उरत नाही. संगणकावर काढणार असाल, तर इंकस्केप या चित्र काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक डेक स्वतंत्र थरावर ठेवावा आणि जिने, शिड्या व उभ्या वाहिन्या यांचा एक थर दोन्ही डेकना सामाईक ठेवावा. जिना भलतीकडे उतरण्याचा दोष त्याने मुळातच टळतो.

प्रश्नकर्ता : पेन्सिल_आणि_फासे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. कृत्रिम गुरुत्वाकर्षण ठेवण्याचे ठरवले आहे आणि छेदापासून पुन्हा सुरुवात करतो. एकच शंका उरते : मालासाठी वीस फुटी कंटेनर वापरायचे असतील, तर १६४ घरांची वखार खालच्या डेकवर सलग ठेवावी का?

उत्तर : घनमीटर

तसे करू नये. वीस फुटी कंटेनर ६.०६ मीटर लांब, २.४४ मीटर रुंद आणि सर्वसाधारणपणे २.५९ मीटर उंच असतो. तुमच्या डेकची तीन मीटर उंची ही जमिनीपासून वरच्या जमिनीपर्यंतची आहे. तीतून छताची जाडी, वाहिन्या आणि दिवे यांसाठी अर्धा मीटर वजा केला, की कंटेनर आत शिरतच नाही. वखार दोन डेक उंच ठेवावी. मग प्रत्येक डेकवर तिला ८२ घरे लागतील, आणि वरच्या डेकच्या नकाशावर तेवढा भाग ‘मोकळी पोकळी’ म्हणून कोरा सोडावा लागेल. त्या पोकळीभोवती कठड्याची एक अरुंद मार्गिका काढलीत, तर तिसरा_फासा यांना हवा असलेला दुसरा मार्गही मिळेल. कंटेनरची लांबी चार घरांना सुमारे सहा सेंटिमीटरने ओलांडते, तेव्हा त्याला लांबीत पाच आणि रुंदीत दोन घरे द्यावीत. उरलेल्या फटीत माणूस आडवा होऊन सरकू शकतो आणि लपूही शकतो. मालाचे दारही कंटेनरच्या रुंदीपेक्षा मोठे, म्हणजे निदान दोन घरांचे असावे.