मदत हवी आहे: शेतातल्या गोल बांधावर कुंपण

सायली_व:
घोड्यासाठी कुंपण घालायचंय. मागच्या शेतात मातीचा मोठा गोल बांध आणि चर आहे, कुंपण नेमकं त्यावरूनच जातं. शेजारी म्हणतात हे प्रागैतिहासिक आहे, हात लावू नका. कुंपणवाला सोमवारी येतोय, आगाऊ पैसे दिलेत. परवानगी लागते का? लवकर सांगा.

घाटवाट:
केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद, त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊन. १९५८चा कायदा, २०१०ची दुरुस्ती. नागपूरजवळच्या जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, तसलं काही आहे का?

रानवारा:
सायली, गाव कुठलं? देश कुठला?

सायली_व:
विल्टशर, इंग्लंड.

हिरवळ:
मग बिनधास्त घाला. इथे दोन मीटरपर्यंतच्या कुंपणाला परवानगी लागत नाही. आम्ही घातलंय.

रानवारा:
हिरवळ, कृपया असा सल्ला देऊ नका. तुम्ही म्हणताय ती नियोजन परवानगी. जागा 'शेड्यूल्ड मॉन्युमेंट' (सरकारी यादीतलं संरक्षित स्मारक) असेल तर १९७९च्या कायद्याखाली वेगळी संमती लागते, तीही काम सुरू करण्याआधी. नाही घेतली तर फौजदारी गुन्हा. अर्जाला शुल्क नाही. हिस्टॉरिक इंग्लंड या वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या नकाशावर शेत शोधा. हद्दीच्या बाहेरून कुंपण वळवता आलं तर उत्तमच.

हिरवळ:
खांबाच्या एवढ्याशा खड्ड्याने काय बिघडणार?

रानवारा:
चर हजारो वर्षं थराथराने भरत आलेला असतो. त्यात हरणाच्या शिंगांच्या कुदळी, हाडं, कोळसा मिळतो आणि त्यावरूनच काळ ठरतो. थर एकदा कालवले की गेले.

कोकणकडा:
बांध आणि खंदक म्हणजे किल्लाच ना?

रानवारा:
किल्ल्याचा खंदक तटाबाहेर असतो. 'हेंज'मध्ये, म्हणजे प्रागैतिहासिक गोल बांध-चराच्या जागेत, बहुधा उलट, चर आत आणि बांध बाहेर. विल्टशरमधल्याच एव्हबरीच्या हेंजला तसंच आहे. सायली, तुमच्याकडे कसं आहे?

मातीमोल:
मेटल डिटेक्टर फिरवायलाही तिथे परवाना लागतो बरं का.

सायली_व:
डिटेक्टर कुणी फिरवत नाहीये! चर आत आहे. पण जुने खांब तिथे आहेतच, तेच फक्त बदलायचेत.

रानवारा:
हे फार महत्त्वाचं आहे. अशा स्मारकांच्या सरकारी नोंदींत बरेचदा लिहिलेलं असतं की कुंपणाचे खांब वगळले आहेत, पण त्यांच्याखालची जमीन समाविष्ट आहे. म्हणून जुन्याच खड्ड्यात खांब बसवायचे असले तरी हिस्टॉरिक इंग्लंडला लेखी विचारा आणि सोमवारचं काम पुढे ढकला. घोडाही ओल्या दिवसांत बांधावर सोडू नका, टापांनी उतार ढासळतो.

सायली_व:
नकाशात आमचं शेत सापडलं, हद्दीतच आहे. ईमेल करतेय. कुंपणवाले आगाऊ रक्कम परत देतात का? कुणाला अनुभव?