मदत हवी आहे: जुन्या महिंद्रा जीपला स्पिन-ऑन ऑइल फिल्टरचा अॅडॅप्टर बसवल्यावर ऑइल प्रेशर उतरले

प्रश्नकर्ता: उसाचाफड

नमस्कार. माझ्याकडे वडिलांच्या वेळची १९६७ सालची महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. इंजिन मूळचेच आहे, म्हणजे २,१९९ सीसीचे चार सिलिंडरचे पेट्रोल हरिकेन. या इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्यामुळे इंजिन उंच झाले आणि त्याच्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले. दोन वर्षांपूर्वी बेअरिंगे बदलून इंजिन नव्याने बांधून घेतले. त्यानंतर गाडी शेतावर जाण्यापुरती आणि महिन्यातून एखादवेळी पन्हाळ्यापर्यंत चालते.

मूळचा ऑइल फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा, वर एका बोल्टने आवळलेले झाकण आणि आत कागदी एलिमेंट. एलिमेंट बाजारात मिळत नाही असे नाही. पण मी शेवटी आणलेली दोन्ही एलिमेंटे मधल्या नळीवर इतकी सैल बसत होती की बोटाने गरगर फिरत होती. अशा एलिमेंटच्या कडेने ऑइल सरळ निसटून जाणार आणि कागद नुसता शोभेला राहणार, हे उघड आहे. शिवाय झाकणाचे पॅकिंग कितीही जपून बसवले तरी आठ दिवसांत डब्याच्या अंगावर ऑइलचा ओघळ आणि त्यावर रस्त्याची धूळ हे ठरलेलेच.

म्हणून मी स्पिन-ऑन फिल्टर, म्हणजे आट्यांवर फिरवून बसवायचा आणि अख्खाच बदलायचा बंद डबा, बसवायचे ठरवले आणि स्वतः चित्र काढून कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका टर्नरकडून अॅडॅप्टर करून घेतला. तो ९० मिलिमीटर व्यासाचा अॅल्युमिनियमचा गोल तुकडा असून त्याच्या मध्यभागी पाऊण इंची, इंचाला १६ आटे असलेला पोकळ स्टड आहे. ब्लॉककडून येणारे ऑइल बाहेरच्या गोल खाचेत उतरते, फिल्टरच्या कडेच्या भोकांतून आत जाते, कागदातून गाळून मधल्या स्टडमधून वर येते आणि परतीच्या नळीने टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनाच्या पुढच्या झाकणात) पडते. अॅडॅप्टर जुन्या डब्याच्याच ब्रॅकेटवर, फिल्टरचे तोंड वर राहील असा बसवला आहे. टर्नरने काम चित्राबरहुकूम आणि सुबक केले आहे, हे आधीच नमूद करतो.

आता अडचण सांगतो. जुना डबा असताना गरम इंजिनावर आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन संथ चालू असताना) १५-१६ पीएसआय आणि २,००० आरपीएमला ३६ पीएसआय प्रेशर दिसत असे. अॅडॅप्टर बसवल्यावर तेच आकडे ५ आणि २० झाले आहेत. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये २,००० आरपीएमला ३५ पीएसआय हे नेहमीचे प्रेशर दिले आहे आणि आयडलला किमान ६ पीएसआय हवे असे म्हटले आहे, म्हणजे मी आज त्या किमान रेषेच्याही खाली आहे. ऑइलची पातळी बरोबर आहे, ऑइल २० डब्ल्यू ५० आहे, आणि गेज खोटे बोलत असेल या शंकेने दुसरे मेकॅनिकल गेज लावूनही पाहिले. आकडा तोच आला. मात्र ब्लॉकवरचे फिल्टरचे तोंड प्लग लावून बंद केले की प्रेशर पुन्हा १६ वर येते. यावरून पंप आणि बेअरिंगे यांच्याकडे बोट दाखवता येत नाही, असे मला वाटते.

दुसरी किरकोळ तक्रार अशी की ब्लॉकवर बसवलेल्या नव्या निपलपाशी (नळी जोडायच्या आटेदार तुकड्यापाशी) टेफ्लॉन टेप गुंडाळूनही ऑइल पाझरते.

चित्रफितींत पाहिलेली माणसे अॅडॅप्टर लावतात, फिल्टर हाताने आवळतात आणि खुशाल निघून जातात. मग माझ्याच अॅडॅप्टरमध्ये काय चुकले? नळ्या उलट जोडल्या गेल्या असतील का? की हे इंजिन स्पिन-ऑन फिल्टरला मुळातच योग्य नाही? तोपर्यंत तोंड प्लगने बंद ठेवून, फिल्टरशिवाय गाडी थोडीफार चालवली तर चालेल का?

---

प्रतिसाद: घाटमाथा

माझ्या गाडीलाही असे झाले होते. पंपातल्या रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगमागे एखादा शिम (पातळ चकती) वाढवावा आणि थोडे जाड ऑइल घालावे. प्रेशर वर येईल.

---

प्रतिसाद: जुनेलोखंड

घाटमाथा यांचा मान राखून सांगतो, हा उपाय येथे लागू नाही. रिलीफ व्हॉल्व्ह जास्तीत जास्त प्रेशर किती असावे ते ठरवतो. गरम आयडलला ५ पीएसआय असताना तो बंदच असतो, त्यामुळे त्याच्या मागे शिम घालून खालचा आकडा वाढणार नाही. प्लग लावल्यावर १६ येतात ही नोंद फार मोलाची आहे. पंप चांगला आहे, मात्र ऑइल फिल्टरच्या वाटेने मोकाट वाहून परत सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळच्या ऑइलच्या टाकीत, चालले आहे.

आपण पाहिलेल्या चित्रफिती बहुधा लँड रोव्हरच्या सिरीज गाड्यांच्या असाव्यात. त्यांच्या सव्वादोन लिटरच्या इंजिनात फिल्टर फुल-फ्लो पद्धतीचा आहे, म्हणजे पंपाचे सगळे ऑइल आधी फिल्टरमधून जाते आणि मग बेअरिंगांना मिळते. तिथे वाट जितकी मोकळी तितकी चांगली. आपल्या हरिकेनची मांडणी निराळी आहे. येथे पंप ऑइल थेट मुख्य गॅलरीत, म्हणजे बेअरिंगांना ऑइल पोहोचवणाऱ्या ब्लॉकमधल्या वाटेत, देतो आणि गॅलरीतून एक बारीक फाटा फिल्टरकडे जातो. फिल्टरमधून निघालेले ऑइल बेअरिंगांकडे न जाता सम्पमध्ये उतरते. हा बायपास फिल्टर आहे. पाटाच्या पाण्याचे उदाहरण द्यायचे तर ही पाटाला पाडलेली मोरी आहे, आणि मोरीचे तोंड किती ठेवायचे याला महत्त्व आहे. ते मोठे ठेवले तर पुढच्या वाफ्याला पाणीच पोहोचत नाही.

आपला जुना डबा फेकला नसेल तर त्यातली मधली नळी स्वच्छ धुऊन उजेडात धरा. तिला एक बारीक भोक असेल, सुमारे एक-सोळांश इंचाचे. गाळलेल्या ऑइलला बाहेर पडायला तेवढीच वाट असते. ते भोक आपल्या चित्रात आलेले नाही. आपल्या स्टडचा आतला व्यास ६ मिलिमीटर धरला तरी दीड मिलिमीटरच्या भोकाच्या मानाने ती वाट सोळा पट मोठी झाली.

उपाय म्हणजे परतीच्या निपलमध्ये पितळी प्लग बसवून त्याला दीड मिलिमीटरचे भोक पाडावे. ते येण्याच्या बाजूलाही चालेल, पण तिथे न गाळलेले ऑइल असते आणि एखादा कचरा अडकला तर फिल्टर बंद पडतो. इंजिन मात्र नेहमीसारखेच चालते, त्यामुळे आपल्याला पत्ताही लागत नाही. परतीच्या बाजूला ऑइल गाळूनच पोहोचते. डबा बनवणाऱ्यांनीही भोक त्याच बाजूला ठेवले होते.

नळ्या उलट असत्या तर प्रेशर उतरले नसते. बहुतेक स्पिन-ऑन फिल्टरांत कडेच्या भोकांवर आतून रबराची झडप असते. उलट दिशेने आलेले ऑइल ती अडवते आणि फिल्टर थंडगार राहतो. तरी भोक घातल्यावर एकदा गाडी चालवून फिल्टरला हात लावून पाहावा. इंजिन तापल्यावर काही मिनिटांत तो गरम लागला पाहिजे.

तोंड बंद करून काही दिवस गाडी चालवल्यास बेअरिंगांचे ऑइल कमी होत नाही, फक्त ते गाळले जात नाही. ऑइल थोडे लवकर बदलावे, एवढेच.

---

प्रतिसाद: वीतभरपाना

जुनेलोखंड यांनी मुख्य मुद्दा सांगितला आहे. पाझराबद्दल लिहितो.

आपण निपल जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून आणले असेल तर ते बीएसपी (ब्रिटिश पद्धतीच्या पाइपच्या) आट्यांचे असण्याचा दाट संभव आहे. या जीपचे मूळ अमेरिकन असल्याने ब्लॉकवरचे एक-अष्टमांश इंची आटे एनपीटी (अमेरिकन पद्धतीच्या पाइपचे) आहेत. एनपीटीला इंचाला २७ आटे आणि ६० अंशांचा कोन, तर बीएसपीला २८ आटे आणि ५५ अंशांचा. फरक इतका थोडा आहे की निपल दोन-तीन फेरे मुकाट आत जाते आणि मग घट्ट होते. माणसाला वाटते की बसले. टेफ्लॉन कितीही गुंडाळले तरी ते पाझरतच राहते, आणि पान्याने आणखी जोर लावला तर बिडाचा ब्लॉक तडकण्याची भीती असते. आटे मोजायची पाती लावून पाहावे. टेप वापरायचीच असेल तर पहिला आटा मोकळा सोडावा, म्हणजे तिचे तुकडे आत जाऊन ते दीड मिलिमीटरचे भोक बुजवणार नाहीत.

असाच सापळा फिल्टरच्या आट्यांचाही आहे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. काही गाड्यांचे फिल्टर एम २० बाय १.५, म्हणजे २० मिलिमीटरच्या मेट्रिक आट्यांचे असतात आणि ते आपल्या स्टडवर सहज चढतात, रबरही टेकते, पण आट्यांची पकड अपुरी असते. असा फिल्टर प्रेशर येताच सुटू शकतो आणि सगळे ऑइल रस्त्यावर जाऊ शकते. फिल्टर घेताना अॅडॅप्टर सोबत न्यावा आणि रबर टेकण्याआधी फिल्टर स्टडवर हलवून पाहावा. डुगडुगला तर तो दुकानदाराला परत द्यावा.

---

प्रश्नकर्ता: उसाचाफड

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुना डबा गोठ्याच्या माळ्यावर होता. मधली नळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून तारेच्या ब्रशने घासली, तेव्हा एका बाजूला काळ्या राळेत लपलेले भोक दिसले. दीड मिलिमीटरचे ड्रिल त्यात किंचित ढिले बसते आणि दोनचे जात नाही. चित्र काढताना ही नळी माझ्या हातात होती आणि त्या ठिपक्याला मी गंज समजलो होतो.

टर्नरकडून पितळी प्लग करून परतीच्या निपलमध्ये बसवला. बदलाच्या आधी आणि नंतर गरम आयडलला परतीची नळी टायमिंग कव्हरवरून सोडवून एक लिटरच्या बाटलीत धरली. आधी बाटली १२ सेकंदांत भरली होती. आता ७५ सेकंद लागले. प्रेशर आयडलला १५ आणि २,००० आरपीएमला ३५ पीएसआय आहे. दहा मिनिटे गाडी चालवल्यावर फिल्टरला हात लावला तो लगेच काढून घ्यावा लागला.

निपल बीएसपीच निघाले. एनपीटीचे उद्यमनगरातच मिळाले आणि पाझर थांबला. ब्लॉकच्या आट्यांना सुदैवाने इजा झालेली नाही. आणखी एक गोष्ट कळवणे आवश्यक वाटते: जादा म्हणून घेऊन ठेवलेला दुसरा फिल्टर स्टडवर लावून पाहिला, तर तो डुगडुगला. दोन्हींची खोकी एकाच रंगाची होती. तो परत केला आहे.

एनपीटीचा प्लग हत्यारांच्या पेटीत टाकून ठेवला आहे. वाटेत नळी फुटली तर ब्लॉकवरचे तोंड बंद करून घरी येता येईल. पाचशे किलोमीटर झाल्यावर हा फिल्टर कापून कागद उघडून पाहणार आहे. त्यात काय सापडते ते याच धाग्यात लिहीन.