दूषित पाणथळ: आकडा वाढला की उपसायचीच का?

चिखलवाट (धागाकर्ता)

दूषित जागांमुळे परिसंस्थेला किती धोका आहे, याचे अहवाल वाचायचं काम माझ्याकडे असतं. त्यातला एक प्रकार आता डोक्यात जातो. गाळातलं शिसं, जस्त मोजायचं, तक्त्यातल्या मर्यादेने भागायचं, उत्तर १ च्या वर आलं की शिफारस तयार: गाळ उपसा.

अहो, तो भागाकार म्हणजे नुसती चाळणी आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) १९९७ च्या आठ पायऱ्यांच्या पद्धतीत तो दुसऱ्याच पायरीवर येतो, आणि तिथे मुद्दाम वाईटात वाईट गृहीत धरतात: गाळातलं सगळं विष अंगात शोषलं जातं, प्राणी कायम त्याच जागी चरतो. एवढं धरूनही उत्तर १ च्या खाली आलं तर जागा बिनघोर सोडता येते. वर आलं तर पुढे तपासा, इतकंच. १० आलं म्हणजे दहापट धोका, असंही नसतं.

त्यात पाणथळीचा गाळ वेगळाच. नळी खोचून गाळाचा उभा नमुना (कोअर) काढा: वर काही मिलिमीटर तपकिरी, खाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. काळेपणा लोहाच्या सल्फाइडचा. ऑक्सिजन नसलेल्या त्या थरात कॅडमियम, तांबं, शिसं, निकेल, जस्त सल्फाइडशी बांधलेले असतात, तळातल्या अळ्यांना फारसे मिळत नाहीत. तोच गाळ ट्रेमध्ये उघडा ठेवला की तपकिरी पडायला लागतो. हवेने सल्फाइड मोडतं आणि धातू सुटतात. उपसून काठावर टाकलेल्या ढिगातही हेच होणार. शिवाय मुळांसकट अख्खी पाणथळ गेली ती गेलीच.

पाणलावा

असहमत. तुमचा सगळा युक्तिवाद तळातल्या अळ्यांभोवती फिरतोय. पक्ष्यांचं काय?

कॅलिफोर्नियातल्या केस्टरसनच्या तळ्यांत शेतीच्या निचऱ्याचं पाणी सोडलं, त्यात सेलेनियम होतं. १९८३ मध्ये पाणपक्ष्यांच्या अंड्यांत विद्रूप भ्रूण सापडले, काहींना डोळेच नव्हते. पाण्यातले किडे मात्र जिवंत होते! ते सेलेनियम अंगात साठवत राहिले आणि पक्षी ते खात राहिले. अशा विषावर अळ्या गाळात ठेवून त्या जगतात का ते पाहणारी १० दिवसांची चाचणी काय डोंबल सांगणार?

पाऱ्याचंही तसंच. एकूण पारा बेताचा दिसतो, पण तुमच्या त्याच लाडक्या काळ्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी (पाऱ्याचं जास्त विषारी रूप) करतात, आणि ते माशांमार्फत वर चढत जातं. "पुढे तपासा" म्हणत वर्षं जातात. प्रदूषण करणाऱ्याला तेच तर हवं असतं.

चिखलवाट

केस्टरसनचं पुढचंही लिहा की. १९८८ मध्ये तिथले सखल भाग मातीने भरून टाकले. पक्षी वाचले, पाणथळ संपली. तिथे ते रास्तच होतं, कारण पुरावा थेट अंड्यांतून आला होता. तक्त्यातून नव्हे. मी तरी दुसरं काय म्हणतोय?

भिंगवाला

दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरली आहे, की तपासलं की कळतं. रसायनं, विषारीपणाची चाचणी आणि तळातल्या जीवांची मोजणी हे त्रिकूट १९८० च्या दशकापासून वापरात आहे, चांगलं आहे. पण पाणथळीत त्याचे दोन पाय लंगडतात. निरोगी पाणथळीच्या तळाशीही ऑक्सिजन कमीच. तिथे रक्तासारख्या लाल अळ्या आणि बारीक गाळकृमी, बाकी फारसं कोणी नाही. प्रजाती कमी म्हणजे दूषित, हे गणित नदीनाल्यांचं. चाचणीतला हायलेला (गाळात ठेवतात तो कोळंबीसारखा बारीक जीव) मेला, तर तो धातूने मेला की गाळातल्या नैसर्गिक अमोनियाने? हे वेगळं काढल्याशिवाय निकालाला अर्थ नाही.

म्हणून सगळी मदार तुलनेसाठी निवडलेल्या स्वच्छ जागेवर. तिथे पाणी तितकेच महिने टिकतं का, वनस्पती त्याच आहेत का, गाळात सेंद्रिय भाग तेवढाच आहे का? मी एका अहवालात दलदलीची तुलना खळाळत्या ओढ्याशी केलेली पाहिली आहे. दलदल अर्थातच नापास.

नवखा

वाचतोय. एवढ्या तपासण्यांचा खर्च कोण देणार, हे मात्र कोणी लिहिलं नाही.

चिखलवाट

@नवखा, चुकीच्या उपशापेक्षा तपासण्या खूप स्वस्त.

पाणलावा

स्वस्त कोणाला?

असो, अजून एक उदाहरण. आयडाहोत कोर द'अलेन खोऱ्यात खाणींचं शिसं पाणथळींत उतरलं आहे. तिथे टुंड्रा हंस कंद उकरून खातात आणि सोबत गाळ गिळतात. शिसं सल्फाइडशी बांधलेलं आहे की मोकळं, हा प्रश्न अळीचा. हंसाच्या पोटात गाळच जातो, आणि तिथे आम्ल असतं. तिथली ५३० मिलिग्रॅम प्रति किलो ही पातळी पाणपक्ष्यांच्याच अभ्यासातून आली. तक्त्यातले सगळेच आकडे हवेतून पडलेले नसतात, साहेब.

चिखलवाट

गाळ गिळण्याचा मुद्दा मान्य, शंभर टक्के. पण त्याच खोऱ्यात शेजारच्या शेतजमिनीवर स्वच्छ पाणथळ तयार करून पक्ष्यांना चरायला जागा दिली. सगळं खोरं उपसलं नाही.

पाणलावा

दिली, चांगलंच केलं. पण जुनी पाणथळ आहे तिथेच आहे. पूर आला की शिशाचा गाळ हलतो आणि खाली नव्या जागी बसतो. तुमच्या बांधलेल्या शिशाचा हिशेब पाणी स्थिर असेपर्यंतचा. पुराचं कलम तुमच्या अहवालांत असतं का, ते आधी सांगा.